मुंजाबाची मेंढरं दोन शिवारांत

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मुंजाबाला एकही शत्रू नव्हता. ऐकायला बरं वाटतं. पण एकही शत्रू होऊ नये म्हणून हा गडी दिवसभर जे कष्ट उपसायचा ते पाहिले असते, तर तुम्हीच म्हणाला असता, बाबा, एखादा शत्रू करून घे आणि जरा निवांत बस. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, आज पाऊस येतो, की हा म्हणे, "येणारच." दुसरा म्हणाला, कुठला येतोय, की हा म्हणे, "मी तरी दुसरं काय म्हणतोय?" दोघंही खूश व्हायचे आणि याला कटिंग पाजायचे.

पाऊसपाण्याचं ठीक होतं. पण ते दिवस विद्यापीठाच्या नावाचे होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं की नाही, यावरून गावंच्या गावं दुभंगली होती. माणसं मारली गेली होती, घरं जळाली होती, मोर्चे निघाले, लाठ्या बसल्या, तरी निकाल लागत नव्हता. माणूस विद्यापीठाला काय म्हणतो यावरून तो कुठल्या बाजूचा हे शहरात लगेच कळायचं. मुंजाबा तिथूनच बी.एस्सी. झालेला. पण कुठं शिकलास असं विचारलं की म्हणायचा, "तिकडंच की, लेण्यांच्या पायथ्याला." बी.एस्सी.ची पदवी डोंगरानं दिली असावी असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

हे त्याला बापाकडून आलेलं. त्याचा बाप बिरू देवगाव रंगारीकडचा धनगर. मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ फिरतीवर. कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत त्या शेताला द्यायचं आणि बदल्यात शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. आज एकाच्या शेतात, उद्या त्याच्या भावकीतल्या वैऱ्याच्या शेतात. बिरू पोराला सांगायचा, "आपल्याला दोन्ही शिवारांतून जायचंय. कुणाचं भांडण आपलं नाय." पोरानं ते इतकं मनावर घेतलं, की मेंढरं सुटली तरी ही सवय सुटली नाही.

मुंजाबा नोकरीला होता तात्यासाहेबांच्या बियाण्याच्या कंपनीत. बी विकता विकता तात्यासाहेबांनी एक दिवस मनात घेतलं, की बियाच्या पोटात काय लिहिलंय ते वाचायचं. तुरीवर मर पडते आणि उभं पीक जागच्या जागी वाळतं. एखादं झाड मात्र टुणटुणीत राहतं. त्या झाडाच्या डीएनएत असं काय आहे ते शोधायला त्यांनी मागच्या शेडमध्ये प्रयोगशाळा काढली. डीएनएची भाषा चार अक्षरांची: ए, सी, जी, टी. ती एक्स-रेसारख्या फिल्मवर काळ्या रेघांची शिडी होऊन उमटायची आणि माणसानं डोळे ताणून ती खालून वर वाचायची. सुगंधाबाई वाचायच्या, मुंजाबा टाइप करायचा. सुगंधाबाईंचं माहेर पाचोडचं; लहानपणी त्यांनी बाजारात कांदा विकलेला. त्यामुळे "ए, टी, टी, सी" त्यांच्या तोंडून अशा खणखणीत हाळीनं निघायचं, की वॉचमन काय भाव चाललाय म्हणून दारातून डोकवायचा.

या वाचलेल्या ओळी ठेवायच्या कशा, हा खरा प्रश्न होता. ओळ एकटी काही सांगत नाही. शेकडो तुकडे जपावे, तेव्हा कुठं एकाला एक जोडून अर्थ लागतो. मुंजाबानं संगणकाचा कोर्स केला होता. त्यानं त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक ओळीची नोंद: कुठल्या झाडाची, कुणी वाचली, कधी वाचली, आणि सोबत त्या फिल्मचं चित्र, म्हणजे शंका आली तर पुन्हा पाहता यावं. मेंढरांच्या तळाला धनगर वाडा म्हणतात, म्हणून प्रोग्रॅमचं नाव त्यानं 'वाडा' ठेवलं. वाडा कामाचा होता. कळपातून नेमकं मेंढरू पाय धरून ओढावं तशी मागाल ती ओळ तो पुढ्यात आणून ठेवायचा.

एकच खोड होती. एकच जागा दोघांनी दोन तऱ्हांनी वाचली, सुगंधाबाई 'जी' म्हणाल्या आणि तात्यासाहेब 'सी' म्हणाले, तर वाडा दोन्ही वाचनं जपून ठेवायचा, मध्ये एक प्रश्नचिन्ह टाकायचा आणि गप्प बसायचा. खरं कुणाचं, हे तो मेला तरी सांगत नसे.

"मुंजाबा," सुगंधाबाई म्हणायच्या, "पोरगं पार बापावर गेलंय बघ तुझं."

पुढं झालं असं, की फिल्मची चित्रं जागा खाऊ लागली. एक अख्खं चित्र फ्लॉपीत मावेना, म्हणून मुंजाबानं प्रत्येकाचे दोन तुकडे केले, वरचा आणि खालचा. तरी कंपनीच्या संगणकाची हार्डडिस्क बघता बघता भरली. सरळ माणूस तात्यासाहेबांकडं गेला असता आणि मोठी डिस्क मागून मोकळा झाला असता. मुंजाबा गेला नाही. साहेब नाही म्हणाले तर? एकदा नाही म्हणाले की आपल्याविषयी त्यांच्या मनात तो नकार घर करून बसणार, असा त्याचा हिशेब. आणि तो अजून टेंपररी होता. कायमची ऑर्डर हातात पडली की बिरू मेंढरं विकून एका जागी बसणार होता. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, तरी पोराच्या ऑर्डरीची वाट पाहत तो लंगडत रानोमाळ हिंडत होता. त्या ऑर्डरीला धक्का लागेल असं काही मुंजाबाला करायचं नव्हतं.

तेव्हा त्याला धनगरी अक्कल सुचली. आपलं रान संपलं, तर मेंढरं दुसऱ्याच्या शेतात बसवावी.

रस्त्यापलीकडं स्कूटरचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथं सर्जेराव संगणकावर हजेरी ठेवायचा. गावाकडं मोठी शेती, मिशीला पीळ, नामांतराला कडवा विरोध आणि तो समोरच्याच्या तोंडावर सांगायची धमक. मागच्या गल्लीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. तिथल्या संगणकावर धम्मपाल. हा कॉलेजात असताना नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला. दोघांच्याही डिस्क निम्म्याअधिक रिकाम्या. "माझी मेंढरं बसवतो," म्हणत मुंजाबानं सगळ्या फिल्मचे वरचे तुकडे सर्जेरावाच्या संगणकात बसवले आणि खालचे धम्मपालच्या. लेंडीखत म्हणून सर्जेरावाला पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम करून दिला, कारण त्याच्या घरात लग्नाची बहीण होती. धम्मपालला पत्रकं मराठीत छापायचा प्रोग्रॅम करून दिला. दोन्ही शेतकरी खूश.

सर्जेराव विचारायचा, "विद्यापीठाचं नाव बदलत असतेत व्हय रे, मुंजाबा?" मुंजाबा फ्लॉपी आत सारता सारता म्हणायचा, "असं कुठं असतंय का, सर्जेराव." संध्याकाळी धम्मपाल म्हणायचा, "अजून किती वर्षं थांबायचं आम्ही?" मुंजाबा फ्लॉपी बाहेर काढता काढता म्हणायचा, "आता थांबा म्हणणं हाच अन्याय झाला, धम्मा." सर्जेराव आणि धम्मपाल एकमेकांचं तोंड पाहत नसत, एका मोर्चाच्या वेळी भर चौकात त्यांची जुंपलेली. त्यामुळे मुंजाबाचं बिंग फुटायचं कारणच नव्हतं. दोघांनाही वाटायचं, एमआयडीसीत आपला म्हणावा असा हा एकच माणूस आहे.

मग तात्यासाहेबांनी बातमी आणली. हैदराबादच्या एका संस्थेचे दोन शास्त्रज्ञ संक्रांतीच्या दिवशी प्रयोगशाळा पाहायला येणार होते.

"मुंजाबा, ते मनाला येईल ती ओळ मागतील. फिल्मसकट दाखवायची. जमलं, तर ते आपल्याबरोबर काम करणार, आणि तुमची कायमची ऑर्डर मी त्याच दिवशी सही करणार."

"दाखवू की, साहेब," मुंजाबा म्हणाला. मनाला येईल ती! म्हणजे दोन्ही शिवारांतली सगळी मेंढरं एकाच वेळी हाताशी हवीत.

संक्रांतीला दोन्ही कारखान्यांना सुट्टी होती. मुंजाबानं दोघांकडं त्यांचे संगणकच मागितले, एक दिवसासाठी. बेत असा: सर्जेरावाचं यंत्र पुढच्या खोलीत, धम्मपालचं मागच्या भांडारात, मधल्या खोलीत आपलं, दारांखालून तारा ओढायच्या आणि तिन्ही जोडायची. एकाला लवकर बोलवायचं, दुसऱ्याला उशिरा. यंत्र ठेवा, तिळगूळ घ्या आणि निघा. तिन्ही यंत्रांचे प्लग मात्र मधल्या खोलीतल्या एकाच बोर्डात, कारण खात्रीची वीज तिथंच होती.

संक्रांत उजाडली ती पोलिसांच्या गाड्या घेऊन. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आजच जाहीर होणार, अशी सगळ्या शहरात कुजबुज होती. सर्जेराव स्कूटरवर, पायांच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेला संगणक ठेवून आला, ठेवून निघाला आणि थोड्याच वेळात परत आला.

"जालना रोड अडवलाय. जातो कुठं? बसतो हितंच."

तोवर धम्मपाल मागच्या दारानं रिक्षातून यंत्र मांडीवर घेऊन पोचला होता, आणि त्याचीही तीच गत. "रस्ता बंद हाय, मुंजा. हाय तुझ्याकडंच आज दिवसभर."

मुंजाबाची जी त्रेधा उडाली ती विचारू नका. पुढच्या खोलीत जाऊन, "हे सरकारचं काय खरं नाय, सर्जेराव," म्हणायचं, दार ओढून घ्यायचं, मधल्या खोलीत घाम पुसायचा, मागचं दार उघडायचं आणि, "आज होणार बघ, धम्मा, आज होणारच," म्हणायचं. एकदा घाईत वाक्यं उलटसुलट झाली. धम्मपालला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. सुगंधाबाई मधल्या खोलीत तिळगूळ कोंबल्यासारखं तोंड करून बसल्या होत्या. हसू दाबायला पदर कमी पडत होता.

पाहुणे रस्ता बंद व्हायच्या आत येऊन पोचले होते. त्यांनी वाडा पाहिला, चार ओळी वरखाली केल्या आणि नेमकी ती प्रश्नचिन्हाची ओळ निवडली. सुगंधाबाईंचं 'जी', तात्यासाहेबांचं 'सी'.

"इसमें सही कौनसा है?" थोरल्या पाहुण्यांनी विचारलं. "फिल्म दिखाइए."

मुंजाबानं बटण दाबलं. तारेवरून चित्र गोगलगायीच्या चालीनं सरकू लागलं. तोवर चहा घेऊ, म्हणून तात्यासाहेब पाहुण्यांना आपल्या केबिनमध्ये घेऊन गेले.

इकडं पुढच्या खोलीत सर्जेरावाच्या यंत्राचा दिवा लुकलुकायला लागला. आपलं यंत्र कुणाशी बोलतंय, म्हणून त्यानं तारेवर नजर टाकली. तार दाराखालून चालली होती. त्याच घटकेला भांडारात धम्मपालच्या यंत्राचाही दिवा लागला. दोन्ही दारं एकदमच उघडली. मधल्या खोलीत, हातात तिळगुळाची वाटी घेतलेल्या मुंजाबाच्या डावी-उजवीकडं दोघं उभे राहिले.

"हा कशाला आलाय हितं?" सर्जेराव म्हणाला.

"तू कशाला आलास ते सांग," धम्मपाल म्हणाला. मग त्याचं लक्ष दोन तारांकडं गेलं. "मुंजा, ह्याच्या यंत्रात बी तुझी मेंढरं?"

"वरची त्याच्याकडं... खालची तुझ्याकडं."

"अन् मला म्हणत होतास, सर्जेरावासारख्यांपायी मराठवाडा मागं राहिला!"

"असं म्हणला?" सर्जेरावाच्या मिशीचा पीळ सैल झाला. "मला म्हणला, धम्मपालसारख्यांनी शहराची झोप घालवली."

"दोन्ही वाचनं जपून ठेवलीत त्यानं," सुगंधाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वॉचमन कानाला ट्रान्झिस्टर लावून धावत आला. निर्णय झाला होता. विद्यापीठाचं नाव आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. धम्मपालचे डोळे भरून आले, ते त्यानं पुसले नाहीत. सर्जेराव जमिनीकडं पाहत राहिला. पडद्यावर फिल्मच्या वरच्या तुकड्याच्या काही रेघा आल्या होत्या, खालच्याच्या काही.

धम्मपाल खाली वाकला आणि बोर्डातला आपला प्लग त्यानं धरला.

"आता ह्याच्यासमोर बोल, मुंजा. तू शिकलास त्या विद्यापीठाचं नाव काय? डोंगर सांगू नको. सगळं नाव घे."

सर्जेरावही वाकला. त्यानं आपला प्लग धरला. "घे. मला बी ऐकायचंय. मग मी बघतो."

एकाचं समाधान करावं, तर दुसरा प्लग ओढणार. आणि अर्धी फिल्म पाहुण्यांना दाखवली काय, न दाखवली काय, सारखंच. ऑर्डर गेली, बिरू पुन्हा रानात. मुंजाबानं आयुष्यात असल्या वेळी जे केलं होतं तेच करायला तोंड उघडलं, दोघांनाही चालेल असं एक वाक्य जुळवायला घेतलं, आणि ते जुळेना. त्याला दिसला तो धूर. अठ्ठ्याहत्तर साली तो बापाबरोबर मेंढरांमागं होता. ओढ्यापलीकडच्या गावात दलितांच्या वस्तीतून धूर निघत होता, बायका-पोरं ओढ्याकडं पळत येत होती. त्याच्याएवढी एक पोरगी काठावर थांबली आणि पाणी मागायला हात पुढं केला. बिरूनं मेंढरं दुसऱ्या अंगाला वळवली. "आपण काय बघितलं नाय, पोरा." पाण्याची पखाल त्यांच्याच घोड्यावर भरलेली होती. मुंजाबाला त्या पखालीची आजही लाज वाटायची, इतकी की ही गोष्ट त्यानं कुणाला कधी सांगितली नव्हती.

"डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ," तो म्हणाला. आवाज फाटला, पण नाव पूर्ण झालं. "अन् ते लई आधी व्हायला पायजे होतं. सर्जेराव, मला पहिल्यापासून असंच वाटत होतं. तुम्हाला खोटं बोललो."

सर्जेरावाच्या हाताच्या शिरा ताठ झाल्या. सुगंधाबाईंनी पदर तोंडातून काढला. मग सर्जेरावानं प्लग सोडला आणि तो उभा राहिला.

"माझा विरोध हाय तो हाय. तो मी रस्त्यावर, उजेडात करतो. शेतात बसलेली मेंढरं कोंडून नाय करत."

धम्मपालनंही प्लग सोडला. चित्र पूर्ण झालं तेव्हा पाहुणे चहा पिऊन परत येत होते. मुंजाबानं फिल्म मोठी करून पाहिली. "सी आहे," तो म्हणाला. "तात्यासाहेबांचं बरोबर. सुगंधाबाईंचं चुकलंय. मला महिन्यामागंच दिसलं होतं."

"मेल्या, महिनाभर माहीत होतं तर आधी सांगायला काय धाड भरली होती?" सुगंधाबाई पाहुण्यांदेखत कडाडल्या. पाहुणे हसले. त्यांनी आणखी दोन-तीन ओळी मागितल्या, त्याही फिल्मसकट निघाल्या. त्यांना वाडा आवडला. तात्यासाहेबांनी तारा पाहिल्या, तीन यंत्रं पाहिली, काय प्रकार आहे ते विचारलं, आणि ऑर्डरीवर सही करता करता म्हणाले, "मोठी डिस्क मागायची होती. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

संध्याकाळकडं रस्ता उघडला. सर्जेरावानं संगणक गोधडीत बांधला. मुंजाबा तिळगुळाची वाटी घेऊन त्याच्या स्कूटरपाशी गेला.

"नको," सर्जेराव म्हणाला. "तू आधीच माझ्याशी लई गोड बोललायस. तुझा माल उद्याच्याला काढून ने, अन् परत माझ्याकडं येऊ नको." त्यानं किक मारली आणि मागं न बघता गेला.

धम्मपालला विद्यापीठाच्या गेटवर जायचं होतं. तिकडं माणसांचा पूर लोटला होता. मुंजाबानं त्याचं यंत्र रिक्षात ठेवायला हात लावला. मग वाटी पुढं केली. धम्मपालनं एक लाडू उचलला आणि बोटांत फिरवला.

"मुंजा, आज ते नाव सरकार बी घेतंय. तू काल घेतलं असतंस, तर मी तुला गळ्याला लावलं असतं."

मुंजाबाला पुन्हा एखादं बरं वाक्य जुळवता आलं असतं. त्यानं जुळवलं नाही.

"भीत होतो," तो म्हणाला.

"ते ठाऊकच होतं आम्हाला," धम्मपाल म्हणाला. त्यानं लाडू न खाता खिशात टाकला आणि रिक्षावाल्याला चल म्हणून सांगितलं.